अर्धी मात्रा उशीर

आमच्या घरात गाणं सुरू करायचा हक्क एकट्या अप्पांचा होता. औशाला आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी संध्याकाळी भजन व्हायचं. माझे वडील, म्हणजे अप्पा, त्या दिवशी किराणा दुकान लवकर बंद करायचे, हातपाय धुवायचे, कपाळाला भस्म लावायचे आणि देवळात जाऊन बसायचे. बसायची जागा ठरलेली, गाभाऱ्यासमोरच्या उजव्या खांबाला टेकून. मग घसा खाकरायचा, डावा डोळा मिटायचा आणि पहिली ओळ एकट्याने म्हणायची. त्यानंतर टाळ वाजायचे आणि तीस-पस्तीस माणसं तीच ओळ त्यांच्या मागून म्हणायची. पुढची ओळ पुन्हा अप्पा, पुन्हा आम्ही. मी चार वर्षांची असल्यापासून त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकून बसायचे आणि मागून म्हणायचे. मागून म्हणण्यात माझा हात धरणारं अख्ख्या औशात कुणी नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

नऊ-दहा वर्षांची असताना एकदा मला राहवलं नाही. पुढची ओळ पाठ होती, तोंडात येऊन बसली होती, आणि अप्पा श्वास घेत होते तेवढ्यात मी ती म्हणून टाकली. टाळ थांबले. कुणीतरी हसलं. अप्पा रागावले नाहीत. ते फक्त थांबले. माझी ओळ अर्ध्यात विरून जाईपर्यंत थांबले आणि मग तीच ओळ त्यांनी पहिल्यापासून म्हटली, आणि सगळ्यांनी ती त्यांच्या मागून म्हटली. घरी येताना त्यांनी मला पेढा घेऊन दिला, त्यामुळे मनात काही राहिलं असेल असं त्यांना वाटलं नसणार. पण त्या दिवसापासून मी दुसऱ्याचा शब्द कानावर पडल्याशिवाय तोंड उघडलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे नांदेडला विद्यापीठात माझी जी फजिती झाली तिचं मूळ त्या खांबापाशी आहे.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला मी नांदेडला गेले तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत मला जोडीदारीण मिळाली ती किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची. सगळे तिला इस्लापूरचीच म्हणायचे, मीही तेच म्हणते. धबधब्याच्या शेजारी वाढल्यामुळे असेल, पण हळू बोलणं म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी कपडे धूत भजनाची चाल गुणगुणत होते, तर ही बाहेरून दार वाजवायला लागली.

"तूच गाऊन राहिली का आतमंदी?"

"हो. का?"

"मग बादलीत कामून गाऊन राहिली? मेसमंदी कागद लागला हाय, चल नाव द्यायला."

मेसच्या फलकावर खरंच कागद होता. युवक महोत्सवासाठी विद्यापीठाच्या कॅम्पसचा संघ निवडायचा होता. समूहगान, कव्वाली, लोकवाद्यवृंद असे तीन गट होते आणि ज्याला ज्यात यायचं त्याने नाव लिहायचं. मी तिन्हींत लिहिलं. कव्वालीत मला मागच्या रांगेत टाळ्या वाजवायला बसवलं आणि लोकवाद्यवृंदात झांज हातात दिली. दोन्हींत मी आनंदाने राहिले, पण जीव होता समूहगानात. तिथे सहाजणांनी गायचं असतं, साथीला तिघे. औशाच्या भजनातली मुलगी म्हटल्यावर त्या सहांत मी असणारच याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

निवडचाचणी घेणारे सर संगीत शिकवायचे. साठीकडे झुकलेले, अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात कायम आल्याची वडी. त्यांच्या पेटीचा एक स्वर दाबला की अडकून बसायचा, आणि सर बोलता बोलता नखाने तो वर उचलायचे. ते एक ओळ गायचे आणि समोरच्याने ती तशीच गायची, अशी परीक्षा होती. आता हे तर माझं जन्माचं काम! त्यांनी एक ओळ म्हटली, मी म्हटली. त्यांनी अवघड केली, मी तीही म्हटली. सरांनी मान वर करून बघितलं आणि विचारलं, "कुठली गं तू बेटा?" मी औसा असं सांगितलं ते जणू राजधानीचं गाव सांगावं अशा थाटात.

सात जणांना निवडलं. सहा गाणारे आणि एक राखीव. राखीव कोण ते महोत्सवाच्या आधी ठरणार होतं.

गाणं सरांचंच होतं, गोदावरीवर लिहिलेलं, चालही त्यांचीच. त्याची सुरुवात मोठी अवघड होती. पेटी नाही, ढोलकी नाही, कुणा एकाने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा असंही नाही. सगळे आवाज एकाच क्षणी, एकाच शब्दावर पडायला हवे होते. सर म्हणायचे, "सहा माणसं नकोत मला. एक माणूस पाहिजे, सहा गळ्यांचा."

रोज संध्याकाळी पाच वाजता प्रॅक्टिकल उरकून आम्ही संगीताच्या हॉलमध्ये जमायचो. सात आवाज एकदम सुरू व्हायचे आणि मागून एक शेपूट लोंबायचं. फार नाही, अर्धी मात्रा. कुणीतरी एक रोज उशिरा येत होतं. सर दोन्ही हात वर करून थांबवायचे, पुन्हा करायला लावायचे, पुन्हा शेपूट.

आता माझा स्वभाव असा, की चूक दिसली की ती कुणाची हे मला लगेच कळतं, आणि ती कधीच माझी नसते. माझ्या डाव्या हाताला देगलूरचा एक मुलगा उभा राहायचा. सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी आठवडाभर त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं आणि एक दिवस सगळ्यांसमोर सरांना म्हणाले, "सर, तो उशिरा येतो. मी शेजारीच असते, मला स्पष्ट ऐकू येतं."

तो बिचारा लाल झाला. म्हणाला, "सर, मी लक्ष देऊन म्हणतो."

सरांनी मोबाईल काढून ध्वनिमुद्रणाला लावला आणि आमच्या रांगेसमोरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. आम्ही तीन वेळा सुरुवात केली. मग सरांनी ते लावलं. सहा आवाज टपकन एकत्र पडले आणि त्यांच्या मागून, मोबाईल माझ्यासमोर आला तसा, एक मुलीचा आवाज आला. सुरेल, खणखणीत आणि उशिरा. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला तर माणूस ओळखत नाही म्हणतात. मी मात्र पहिल्या अक्षराला ओळखला.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. देगलूरचा खाली बघत उभा होता. नंतर जिन्यात गाठून मी त्याची माफी मागितली तर म्हणाला, "असू द्या. मला बी वाटू लागलं होतं, मीच उशिरा येलालो की काय." इतक्या भल्या माणसाला मी आठवडाभर गुन्हेगार ठरवलं होतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं.

"घरी भजन असतं का?"

"हो."

"सुरुवात कोण करतं?"

"अप्पा. माझे वडील."

"आणि तू?"

"मागून म्हणते."

सर पेटीचा अडकलेला स्वर वर उचलत म्हणाले, "तुझा सूर सच्चा आहे, बेटा. पण तू ऐकून म्हणतेस. सगळ्यांचा शब्द निघेपर्यंत थांबतेस आणि मग आपला टाकतेस. इथे तुझ्या आधी म्हणायला कुणी नाही."

पुढचे दोन आठवडे मी जिवाचं रान केलं. थांबायचं नाही असं ठरवून उभी राहायचे आणि ऐन क्षणी घसा आपोआप बंद व्हायचा. एकदा रागाने मुद्दाम आधीच म्हटलं, तर मी एकटीच अर्धी मात्रा पुढे. महोत्सव आठ दिवसांवर आला आणि सरांनी राखीव म्हणून माझं नाव सांगितलं.

मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन अप्पांना फोन केला. रडत रडत सगळं सांगितलं. माझा सूर सगळ्यांत चांगला असून मला मागे बसवलं, हे अन्यायाच्या सुरात दोनदा सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक असावं, कारण अप्पा मध्येच कुणाला तरी तूरडाळीचा भाव सांगत होते. मग म्हणाले, "मग? बस की मागं. मागं बसल्यानं काय मान जातो का? मागं माणसं हाईत म्हणून माझं भजन हाय."

त्यांना मला धीर द्यायचा होता. पण मागे बसणं हेच तर माझं दुखणं होतं, आणि ते त्यांना फोनवर कसं सांगणार? मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. खोलीत येऊन जाहीर केलं, की उद्यापासून मी हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही.

इस्लापूरची खाटेवर बसून पायाला तेल लावत होती. ती त्या सहांत होती. म्हणाली, "नको येऊ. लई चांगलं होईल. औशाला जाऊन सांग, मला पहिलं बसवलं न्हाई म्हणून मी पळून आले."

"मी पळाले नाही."

"हाव, पळूनच राहिली. आमच्याकडं धबधब्यात उडी माराया पोरं जातेत. एखादा काठावर बसून राहते, दुसऱ्यानं मारली की मगच मारतो म्हणते. तशी हायस तू."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण तिसऱ्या दिवशी पाच वाजता हॉलमध्ये गेले, कारण खोलीत एकटीने बसून राहणं त्याहून वाईट होतं.

सरांनी मला आलेलं बघितलं आणि जणू ठरलेलंच होतं अशा सहजतेने म्हणाले, "ये. आजपासून तू गायचं नाही. तू श्वास द्यायचा."

मला कळेना. सरांनी मला सहाजणांसमोर उभं केलं. मी फक्त श्वास घ्यायचा, सगळ्यांना दिसेल आणि ऐकू जाईल असा, आणि त्या श्वासावर सहाजणांनी सुरू व्हायचं. हात हलवायचे नाहीत, मान डोलवायची नाही, एक शब्द म्हणायचा नाही. महोत्सवात असं कुणी समोर उभं राहणार नव्हतं, ती फक्त तालमीची युक्ती होती. मला तो अपमान वाटला. गाणाऱ्या मुलीला फुंकर मारायला उभं केलं, असं मनात आलं.

पहिल्या दिवशी मी श्वास घेतला आणि समोर नुसता गोंधळ झाला. दोघे आधी, दोघे नंतर, देगलूरचा तर सुरूच झाला नाही. सर म्हणाले, "पुन्हा." पुन्हा गोंधळ. मी चिडून म्हणाले, "सर, यांचंच चुकतंय." म्हणजे मागच्या वेळेपासून मी काहीच शिकले नव्हते!

सर हसले. म्हणाले, "तू नुसती हवा घेतेस. श्वासात पहिला शब्द पाहिजे. श्वास घेतानाच तुझ्या मनात तो शब्द सुरू झालेला पाहिजे, मग समोरच्याला तो दिसतो. तुझ्या मनात शब्दच नाही, तू त्यांच्या शब्दाची वाट बघतेस."

मला माझ्या चार वर्षांच्या वयापासूनचे सगळे सोमवार आठवले. मी अप्पांचा शब्द किती वेळा ऐकला होता आणि त्यांचा श्वास एकदाही बघितला नव्हता. घसा खाकरणं आठवत होतं, मिटलेला डोळा आठवत होता, पण त्या दोहोंच्या नंतर आणि शब्दाच्या आधी छाती वर येत असणार, ती काही आठवेना.

पाच दिवस मी एक अक्षर गायले नाही. रोज पन्नास-साठ वेळा श्वास दिला. चौथ्या दिवशी केव्हातरी, मी मनातल्या मनात शब्द सुरू करून छाती भरली आणि समोरून सहा आवाज एकदम आले, माझ्या अंगावर आले. मागे शेपूट नव्हतं. इस्लापूरचीने गाता गाताच माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या दिवशी ते लपवायचं मला सुचलंही नाही.

महोत्सवात ते सहाजण मंचावर होते आणि मी प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत. इस्लापूरची श्वास देणार होती. ते उभे राहिले, हॉल शांत झाला, तिने छाती भरली आणि इकडे मीही एवढ्या जोरात श्वास ओढला, की शेजारच्या बाईंनी दचकून विचारलं, "काय झालं गं? दमा आहे का?" तेवढ्यात वर सहा गळ्यांचा एक माणूस गायला लागला होता.

दुसऱ्या वर्षी मी सहांत होते. पहिला श्वास माझाच होता. बक्षीस दोन्ही वर्षी मिळालं नाही. एका परीक्षकांना आमची ढोलकी जड वाटली. हॉलमागच्या टपरीवर पोहे खाताना आम्ही त्या परीक्षकांना शिव्या घातल्या आणि ढोलकीवाल्यालाही थोड्या घातल्या. पण आमच्या सुरुवातीबद्दल कुणी एक शब्द वावगा काढला नाही, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

मी गायिका झाले नाही. तसं कधी वाटलंही नव्हतं. आता लातूरला एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवते. पण त्या दोन वर्षांचं देणं मला कुणी विचारलं तर मी सांगत बसेन. सरांनी मला एका शब्दाने काढून टाकलं असतं तरी चाललं असतं, सातवी मुलगी कुणाला लागते? त्यांनी काढलं आणि हाताशी ठेवूनही घेतलं. इस्लापूरचीने मला गोंजारलं नाही याबद्दल मी तिची ऋणी आहे. देगलूरच्याने दुसऱ्या वर्षी माझ्याच डाव्या हाताला उभं राहणं पसंत केलं, याबद्दल त्याची. एवढी माणसं माझ्या एका खोडीसाठी रोज पाच वाजता वेळ काढत होती, हे तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं आणि फार बरं वाटतं.

गेल्या वर्षी अप्पांच्या गळ्यात गाठ निघाली. लातूरलाच ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, देवाची कृपा. पण आवाजाची नस तिला लागूनच होती. आवाज परत यायला वेळ लागेल, कदाचित पूर्वीसारखा येणारही नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. अप्पा कुजबुजल्यासारखं बोलायला लागले. दुकानात गिऱ्हाइकाला भाव पाटीवर लिहून दाखवायचे आणि वर हसायचे. आम्हाला वाटलं, पचवलं त्यांनी.

मग एका सोमवारी आईचा फोन आला. "आज भी भजन झालं न्हाई बघ."

"म्हणजे? किती दिवस झालं नाही?"

"तीन सोमवार झाले."

"का?"

"कुणी सुरूच करंना."

मी आधी हसले. मग तिने सांगितलं ते ऐकून हसू गेलं. माणसं नेहमीसारखी जमत होती. बैठक मारून, टाळ हातात घेऊन त्या रिकाम्या खांबाकडे बघत बसत होती. एकमेकांना म्हणत होती, तुम्ही करा, न्हाई न्हाई तुम्ही करा. सगळ्यांना सगळं पाठ होतं. पण तीस-पस्तीस माणसांत पहिला शब्द काढायची सवय एकालाही नव्हती. सगळे वाट बघत होते. शेवटी नारळ फोडायचे, प्रसाद वाटायचे आणि घरी जायचे. औशातल्या आमच्या देवळात माझ्यासारख्या तीस-पस्तीस जणी आणि जण बसलेले होते, आणि हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

"आणि अप्पा?"

"देवळात जात न्हाईत. त्या टायमाला घरात पेपर वाचत बसतेत. वाचत कशाचे, एकच पान घेऊन बसतेत. कान सगळा तिकडं." मग ती म्हणाली, "आवाज गेला तवा रडले न्हाईत. आज रडले."

पुढच्या सोमवारी मी दुपारचा वर्ग दुसऱ्या मॅडमना दिला आणि लातूरहून औशाची बस धरली. घरी पोचले तेव्हा अप्पा ओसरीत होते, पेपर हातात, पान तेच असावं.

"चला देवळात," मी म्हणाले.

ते कुजबुजले, "मी काय करू येऊन?"

"मागं बसा. मागं बसल्यानं काय मान जातो का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आपलेच शब्द ओळखायला त्यांना वेळ लागला. मग डाव्या डोळ्यापाशी सुरकुती पडली, पेपर खाली ठेवून ते उठले आणि हातपाय धुवायला गेले.

देवळात सगळे जमलेले होते. अप्पांना बघून माणसं सरकली, खांबापाशी जागा झाली. अप्पांनी हाताने नको म्हटलं आणि ते पार मागे, घंटेच्या दोरीखाली जाऊन बसले. तिथे बसलेलं मी त्यांना आयुष्यात बघितलं नव्हतं. मीही खांबाला टेकले नाही. खांबाच्या डाव्या बाजूला, जिथे त्यांचा गुडघा असायचा तिथेच बसले. सगळे माझ्याकडे बघू लागले. टाळ घेऊन बसलेल्या एका काकांनी विचारलं, "तू करलालीस का सुरू?" मी मान हलवली आणि त्याच क्षणी माझा घसा बंद झाला. नऊ वर्षांची असताना थांबलेले टाळ मला ऐकू आले. मागे तोच माणूस बसलेला होता, आणि तो आजही थांबेल अशी भीती वाटली.

मला अडकलेला स्वर नखाने उचलणारे सर आठवले. श्वासात पहिला शब्द पाहिजे. मनात शब्द सुरू केला, छाती भरली आणि पहिली ओळ म्हटली.

एकटीने म्हटली. पूर्ण म्हटली. ओळ संपल्यावर सगळ्यांसाठी श्वास घेतला, आणि टाळ वाजले, आणि माणसं आली. जरा विस्कळीत आली, चार आठवड्यांचा गंज होता, पण आली. मागून अप्पांचा आवाज आला नाही.

दुसरी ओळ मी म्हटली. सगळ्यांनी उचलली. आणि त्या सगळ्यांच्या मागून, घंटेच्या दोरीखालून, एक फाटका, खरखरीत आवाज आला. अर्धी मात्रा उशिरा.

मला पाठमोरंच कळलं. या माणसाने जन्मात कधी मागून म्हटलं नव्हतं. कसं म्हणायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ते माझा शब्द ऐकून मग म्हणत होते.

मी वळून बघितलं नाही. तिसरी ओळ म्हटली आणि ती संपल्यावर श्वास मुद्दाम मोठ्याने ओढला, पार मागच्या दोरीपर्यंत ऐकू जाईल असा.

त्या ओळीला अप्पा वेळेवर आले.